दावणीवरचा म्हातारा

मराठीत 'निरोप' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. निरोप धाडतात, निरोप येतो, निरोप सांगतात; आणि निरोप देतात, निरोप घेतात. एका निरोपाने लांबची माणसे जवळ येतात, दुसऱ्याने जवळची लांब जातात. वर्गात हा शब्द निघाला, की मी मुलांना विचारते, एकाच शब्दाच्या घरात हे दोन अर्थ कसे काय नांदतात? बहुतेक मुले घड्याळाकडे पाहतात. पण मागे एक मुलगी म्हणाली, "बाई, निघणारा माणूस काहीतरी सांगूनच निघतो ना, म्हणून असेल." व्युत्पत्तीच्या दृष्टीने या उत्तराला मी किती गुण दिले असते कोण जाणे, पण उत्तर मला आवडले.

आपण निरोप पुष्कळांना देतो. सासरी निघालेल्या मुलीला देतो, गणपतीला देतो, बदली झालेल्या साहेबाला तर शाल-श्रीफळ देऊन, भाषणे ठोकून देतो. शेतावरच्या म्हाताऱ्या बैलाला मात्र निरोप दिला, असे कोणी म्हटलेले माझ्या ऐकण्यात नाही. 'बैल काढला' म्हणतात, 'बैल दिला' म्हणतात. कोणाला दिला, हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणारा विचारीत नाही. वाक्य तिथेच सोडून दोघेही पावसापाण्याच्या गोष्टींकडे वळतात.

दिवाळीच्या अंकात बाईंना हा कुठला विषय सुचला, असे वाचकांना वाटेल. पण दिवाळी सुरू होते ती मुळी गोठ्यातच. आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेला, गाय-वासराची पूजा झाली की पहिली पणती लागते. आमच्या शहरी वसाहतीत त्या दिवशी गाय शोधत हिंडावे लागते. शेवटी पाटावर चांदीची चिमुकली गाय ठेवून भागवतात. बैलाची आठवण निघते ती त्यानंतर, पाडव्याला. ठाणे-रायगडच्या खेड्यांतून त्या दिवशी गुरांना आंघोळ घालतात, शिंगे रंगवतात, अंगावर गेरूचे ठसे उठवतात आणि पेटलेल्या पेंढ्यावरून त्यांना उड्या मारायला लावतात. तरणा बैल जाळावरून उडी घेतो तेव्हा पोरे टाळ्या पिटतात. जो म्हातारा झाला, त्याला कडेने नेतात. आज त्या कडेने नेलेल्या बैलाविषयी लिहायचे आहे. एरवी हे सदर लहान असते; दिवाळीला संपादक हात सैल सोडतात, त्याचा फायदा घेते.

कर्जत म्हटले की मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना फलाटावरचा बटाटेवडा आठवतो. बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडतात, तेवढ्या वेळात खाऊन होतो तो. पण स्टेशनाबाहेर पडून पेज नदीच्या अंगाने आत गेले, की निराळाच मुलूख लागतो. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, आणि मध्ये भाताची खाचरे. दक्षिणेकडे खालापूर तालुका, त्यात पाताळगंगा आणि खोपोलीचे कारखाने. माझे आजोळ कर्जत तालुक्यात, पेजेच्या काठी आहे. सध्या तिथे मामा आणि मामी राहतात. मुलगा नोकरीसाठी पनवेलला. शनिवार-रविवार येऊन जातो.

या पट्ट्यातल्या बैलाचे नशीब काही औरच. कोकणातल्या इतर बैलांना पावसाळ्यातली चिखलणी संपली की थोडी उसंत असते. पण १९२२ साली भिवपुरीला टाटांचे वीजघर सुरू झाले आणि घाटमाथ्यावरच्या धरणाचे पाणी वीज करून झाल्यावर पेजेत उतरू लागले. पुढे राजनाल्याने ते खाचरांत खेळले आणि कर्जतचे शेतकरी उन्हाळी भातही घेऊ लागले. मुंबईला वीज मिळाली, शेतकऱ्याला दुसरे पीक मिळाले, आणि बैलाला मिळाली दुसरी चिखलणी! कर्जतला भाताचे संशोधन केंद्र १९१९ पासून आहे. तिथून निघालेल्या भाताच्या जाती गावाचे नाव घेऊन दूरदूर गेल्या. त्या भातामागे गुडघाभर चिखलात उभा असलेला बैल कोणाच्या नावावर नाही.

मामांची जोडी होती चांद्या आणि मोऱ्या. दोघे डांगी जातीचे. डांगी बैल अंगाने फार मोठा नसतो, पण त्याच्या कातडीतून तेलकट अंश पाझरतो, त्यामुळे सह्याद्रीच्या मुसळधार पावसात तो दिवसभर उभा राहिला तरी गारठत नाही. चांद्याच्या कपाळावर पांढरा टिळा होता, म्हणून चांद्या. मुरबाड तालुक्यात म्हसे गावी पौष पौर्णिमेला जत्रा भरते. तिथला बैलबाजार या साऱ्या भागात नावाजलेला. मामांनी ही जोडी तिथून आणली तेव्हा दोघेही आदत होते. म्हणजे दुधाचे दात अजून पडले नव्हते. मग दुसा झाले, चौसा झाले, सगळे दात येऊन जुळले. माणसाच्या वयाचा दाखला शाळेत मिळतो. बैलाचा त्याच्या तोंडात असतो. पण जुळल्यानंतर तो दाखला हळूहळू झिजू लागतो. बारा-तेरा वर्षांच्या बैलाचे दात बोथट होतात, चिखलातून पाय उपसताना दम लागतो, जुवाखालचा खांदा सुजून येतो.

चांद्या त्या वयाला आला तेव्हा मोऱ्या नव्हता. एका पावसाळ्यात रानात चरताना त्याला साप चावला. एका बैलाचे जू कसे जुंपायचे? नव्या जोडीदाराशी चांद्याची चाल जमेना. शेवटी मामांनी पॉवर टिलर घेतला. ज्या दिवशी तो घरी आला, त्या दिवशी मामींनी त्याला कुंकू लावले आणि मग गोठ्यात जाऊन चांद्यालाही लावले. मामा म्हणाले, "याला कशाला?" मामी म्हणाल्या, "आज तो पेन्शनीत निघाला."

आता या पेन्शनीचा हिशेब सांगते, कारण म्हाताऱ्या जनावरावरच्या लिखाणात नेमका तोच गाळला जातो. तीनशे किलोच्या आसपास वजनाच्या बैलाला दिवसाला सहा-सात किलो सुके वैरण लागते. वर्षाचे झाले सुमारे २४ क्विंटल. भाताच्या पिकात जेवढे धान्य निघते, साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त पेंढा निघतो. म्हणजे एकरी दहा-बारा क्विंटल भात देणाऱ्या जमिनीचा दोन एकरांचा पेंढा एकटा म्हातारा बैल खाणार. पावसाळ्यात तो रानात चरला तर तेवढी बचत. शिवाय शेण मिळते, हे खरे. पण मामांची सारी जमीन साडेतीन एकर. चांद्या सहा वर्षे पेन्शनीत होता. सरकारी कर्मचाऱ्याची पेन्शन सरकार देते. याची पेन्शन साडेतीन एकरांचा शेतकरी देत होता.

पूर्वी हा प्रश्न कसा सुटायचा? मामांच्या वडिलांच्या काळी व्यापारी उन्हाळ्यात गावात यायचा. हातावर रुमाल टाकून, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा. आजोबा पैसे घेऊन आत जायचे, आजी मागच्या दारी जायची. दावे सोडून बैल व्यापाऱ्याच्या हाती द्यायला गड्याला पुढे करायचे. त्या पैशांत भर घालून नवा बैल यायचा. म्हातारा बैल जाताना निम्मा नवा बैल देऊन जायचा, म्हणून गरीब शेतकऱ्याची शेती चालत राहायची. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी, की बारा वर्षे ज्याच्या पाठीवर हात फिरवला, त्याच्याकडे शेवटच्या दिवशी घरातले कोणी पाहत नसे.

१९७६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती. कामाला निरुपयोगी ठरलेला बैल मात्र दाखला घेऊन खाटिकखान्यात जाऊ शकत असे. बैलालाही संरक्षण देणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली केली. तिला राष्ट्रपतींची संमती मिळायला वीस वर्षे लागली आणि ४ मार्च २०१५ पासून ती अमलात आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या कायद्यातली काही कलमे रद्द केली, पण बैलांच्या कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. व्यापारी गावात येईनासा झाला.

या कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध इतके बोलून झाले आहे, की त्यात मी आणखी भर घालीत नाही. मला एवढेच दिसते, की दार बंद झाले आणि घरातला खर्च तसाच राहिला. चांगल्या घरांतून बैल म्हातारपणी पोसले जातात; पोसणे न झेपणाऱ्या घरांतून ते रात्री कुठेतरी रस्त्यावर नेऊन सोडले जातात. पांजरपोळ ही जुनी सोय आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा. पण पांजरपोळात जागा आणि वैरण दोन्ही मोजकीच असणार. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपयांचे अनुदान ठरवले. शेतकऱ्याच्या दावणीवरच्या म्हाताऱ्या बैलाचे नाव त्या यादीत नाही.

मग शेतकऱ्याने काय केले? त्याने बैल पाळणेच सोडत आणले. देशात २०१२ च्या पशुगणनेत गोवंशातले नर सुमारे ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेत ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. सात वर्षांत दोन कोटींहून अधिक घट! हे सगळे कायद्यामुळेच झाले असे म्हणणे बरोबर नाही. ट्रॅक्टर आले, टिलर आले, बैल वळणारी माणसे शहरात गेली. पण ज्याला म्हातारपणी निरोप कसा द्यायचा हे ठाऊक नाही, त्याला तरुणपणी घरी आणायला माणूस बिचकतो, हेही त्यामागे असावे.

गेल्या फाल्गुनात मामांचा निरोप आला. फोनवर म्हणाले, "चांद्या बसलाय. उठत नाही. तुला यायचे असेल तर ये." मामा फोनवर कधीही तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाहीत.

मी गेले तेव्हा चांद्या गोठ्याबाहेर आंब्याखाली पेंढ्याच्या जाड थरावर होता. जनावर 'बसले' याचा अर्थ शहरात कळत नाही. एवढे वजनदार धूड एकाच कुशीवर पडून राहिले, तर खालच्या अंगाचे रक्त अडते, कातडी सोलवटते, जखमा होतात. म्हणून दर तीन-चार तासांनी त्याला कूस पालटून द्यावी लागते. चार माणसे लागतात. मामांचे वय सत्तरीच्या पुढचे. शेजारची दोन मुले आणि वाडीवरचा एक कातकरी गडी हाकेसरशी यायचे. रात्री एकला आणि पहाटे चारला आले. मामी उसळीच्या वालांच्या टरफलांत कोंडा कालवून त्याचे मऊ गोळे करायच्या आणि त्याच्या तोंडाशी धरायच्या. त्याने खाल्ले की म्हणायच्या, "बघ, खातोय." मामांनी काही उत्तर दिले नाही, तर मोठ्याने पुन्हा म्हणायच्या.

तालुक्याचे पशुवैद्य आले. तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी सांध्यांवर हात फिरवला, पापण्या उलटून पाहिल्या, आणि बराच वेळ नुसते त्याच्या जबड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "रवंथ करतोय का, त्यावर लक्ष ठेवा. रवंथ चालू आहे तोवर त्याचे जगणे चालू आहे. ती थांबली की मला कळवा." त्यांनी दुखणे कमी व्हावे म्हणून मेलॉक्सिकॅमचे इंजेक्शन दिले. मामांनी विचारले, पूर्वी डायक्लोफेनॅक देत, ते का नाही? त्यावर डॉक्टरांनी जे सांगितले, ते सगळ्या जनावरवाल्यांना ठाऊक असायला हवे. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. देशातली गिधाडे थोड्या वर्षांत नाहीशी होत आली, त्याचे मुख्य कारण हे औषध. २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. २०२३ साली त्याच प्रकारच्या आणखी दोन औषधांवर, किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर, बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सोसते. आपल्या रायगड जिल्ह्यातच म्हसळा तालुक्यात चिरगावच्या बाजूला उरलीसुरली गिधाडे जगवण्याची खटपट झाली आहे. एकाचे दुखणे उतरवताना दुसऱ्याचा वंश बुडू नये, याचे भान एका सुईत ठेवावे लागते.

त्या संध्याकाळी ओटीवर तो विषय निघाला. पनवेलहून आलेला मामेभाऊ म्हणाला, "डॉक्टरांना सांगून त्याला झोपवता येत नाही का? किती दिवस हाल बघायचे?" मामी उठून आत गेल्या. मामा म्हणाले, "गांधीजींनीही तेच केले होते. लोक त्यांच्यावर तुटून पडले."

गोष्ट १९२८ सालची. साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. उपचार थकले होते; कूस पालटतानाही त्याला यातना होत. गांधीजींनी आश्रमवासीयांशी चर्चा केली, विरोध ऐकून घेतला, आणि डॉक्टरला बोलावून स्वतःच्या समक्ष त्या वासराला विषाचे इंजेक्शन देववले. दोन मिनिटांच्या आत सारे संपले. अहिंसेचा पुजारी गोहत्या करतो, म्हणून देशभरातून संतापाची पत्रे आली. गांधीजींनी 'नवजीवन'मध्ये आपली बाजू मांडली. त्यात मला महत्त्वाचा वाटतो तो 'समक्ष' हा भाग. त्यांनी हुकूम देऊन पाठ फिरवली नाही.

दुसरा थोर माणूस तर मामांचा जवळजवळ शेजारी. विनोबांचा जन्म १८९५ सालचा, गागोद्याचा; गागोदे पेण तालुक्यात, खालापूरला लागूनच पेणची हद्द. विनोबांच्या प्रेरणेने ११ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या देवनार खाटिकखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला. कोणत्याही वयाच्या गायीची वा बैलाची कत्तल होऊ नये, ही मागणी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात, पवनारला, विनोबांनी आपली वेळ आली असे जाणून अन्न, पाणी आणि औषध नाकारले आणि शांतपणे देह ठेवला. मामा म्हणाले, "विनोबांना आपल्यापुरते ठरवता आले. चांद्याला कोणी विचारायचे?"

आतून मामींचा आवाज आला, "तो रवंथ करतोय अजून. त्याने सांगितलेय त्याचे."

मी दोन्ही बाजू ऐकत होते. गांधीजींचे मला पटत होते. असह्य यातनेतल्या जनावराची सुटका करण्याची वाट १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या प्रतिबंधाच्या कायद्यातही आहे. मात्र तिथेही पशुवैद्याचे मत लागते, मालकाचा कंटाळा चालत नाही. आणि मामींचेही पटत होते. आपल्याला हाल बघवत नाहीत, म्हणून ते संपवायचे, की त्याला सोसवत नाहीत, म्हणून? हा प्रश्न ओटीवर बसून सुटत नाही. त्यासाठी आंब्याखाली जाऊन बसावे लागते. मामी बसत होत्या, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते.

पाचव्या दिवशी दुपारी रवंथ थांबली. मामींनीच येऊन सांगितले. मग त्यांनीच मामांना म्हटले, "बोलवा डॉक्टरांना." डॉक्टर दुसऱ्या टोकाच्या गावी होते, उद्या सकाळी येतो, म्हणाले. रात्रभर मामा चांद्यापाशी खाटेवर होते. पहाटे चारला कूस पालटायला मुले आली, तेव्हा तो गेलेला होता. मामा म्हणाले, "माझ्या मानेवर जू येणार होते. तेही यानेच ओढले."

इथे बहुतेक लेख संपतात. पण गावात खरे काम इथून पुढे असते. तीनशे किलोचे मढे उचलायचे कोणी?

या प्रश्नाचे जुने उत्तर आपल्याला चांगले ठाऊक आहे आणि आपण ते उच्चारीत नाही. मेलेले ढोर ओढण्याचे काम गावाने महार समाजाच्या माथी मारले होते. पूजा ज्याची गावाने केली, त्याच्या मढ्याला गावाने हात लावायचा नाही. आणि जे लावतील त्यांना त्याच कारणासाठी अस्पृश्य म्हणायचे! आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला १९ आणि २० मार्च १९२७ रोजी बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना आठवते, आणि आठवायलाच हवे. पण त्याच परिषदेत मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचा उपदेश बाबासाहेबांनी केला, आणि स्पृश्य समाजाने आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असेही तिथल्या ठरावांत होते. वर्गात महाडचा सत्याग्रह शिकवताना या ठरावापाशी मी थांबते. गायी-बैलांच्या प्रेमावर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले. त्या प्रेमाची खरी परीक्षा एका साध्या वाक्यात या परिषदेने घेतली. आपले जनावर आपण पुरा.

मामेभावाने जेसीबी बोलावला. शेजारच्या बंगल्याच्या कामावर तो होताच. फाल्गुनातला मुरूम कुदळीला दाद देत नाही. सात-आठ फुटांचा खड्डा हाताने खणायचा तर दोन दिवस गेले असते. विहिरीपासून आणि नाल्यापासून लांबची, वरच्या अंगाची जागा निवडली. जेसीबीवाला म्हणाला, "काका, बकेटीत घालून नेऊन टाकतो, पाच मिनिटांचे काम." मामा म्हणाले, "खड्डा तू खण. त्याला आम्ही आणतो." जुन्या बैलगाडीच्या साट्याला दोर बांधला. मामा, मामेभाऊ, शेजारची मुले आणि तो गडी, सगळ्यांनी मिळून चांद्याला त्यावर घेतले आणि ओढत नेले. ज्या गाडीला त्याने जन्मभर ओढले, तिच्या साट्यावर तो पहिल्यांदाच बसला होता. मी दोराला हात लावला. दहा पावलांत माझे तळवे सोलवटले. खड्ड्यात चुना आणि मीठ टाकले. मामींनी वेसण कापून काढली. ती मात्र त्यांनी आत जाऊ दिली नाही. गोठ्याच्या मेढीला अडकवून ठेवली आहे.

मी शहरातली नोकरदार बाई. महिन्याला ठरावीक पगार घेते, दूध पिशवीतून आणते, भात कुकरात लावते. म्हाताऱ्या बैलाबद्दल मला वाटणाऱ्या कळवळ्याला आजवर काही खर्च आलेला नाही. तो खर्च साडेतीन एकरांवर पडतो. कत्तल नको म्हणणाऱ्यांनी आणि शेतकऱ्याला मोकळीक द्या म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे एकदा मोजून पाहावे. ज्याला जनावर जगायला हवे आहे, त्याने पेंढ्याच्या भाऱ्याचा विचार करावा; आणि ज्याला ते जायला हवे आहे, त्याने दाव्याची गाठ स्वतःच्या हाताने सोडावी. एवढी अट घातली, तर दोन्हीकडचा आवाज पुष्कळ खाली येईल असे मला वाटते.

आणि शेवटी एक अगदी व्यवहाराची गोष्ट. या सदराच्या वाचकांपैकी कित्येकांनी कर्जत-खालापुराकडे जागा घेतल्या आहेत. कोणी बंगला बांधला आहे, कोणी नुसतेच कुंपण घातले आहे. त्या जागांत पावसाळ्यानंतर कमरेएवढे गवत माजते आणि दिवाळीत तुम्ही माणूस लावून, पैसे मोजून ते कापवता. त्याच कुंपणाबाहेर एखाद्या मामाचा म्हातारा बैल उभा असतो. त्याची जुनी चरायची वाट तुमच्या कुंपणाने अडवलेली असते. कुंपण काढा असे म्हणत नाही. साप-विंचवाची, चोराचिलटाची काळजी मलाही कळते. पण कुंपणाला मागच्या अंगाला एक फाटक असू द्या. कापलेले गवत जाळू नका. शेजारच्या गोठ्यात देऊन टाका. यंदा पाडव्याला तिकडे गेलात, तर शिंगे रंगवलेल्या बैलांचे फोटो जरूर काढा. आणि जाळाच्या कडेने ज्याला नेत असतील, त्याच्या मालकाला विचारा, "याला किती पेंढा लागतो हो?"